बोडीच्या उतारावर सुटणारा गियर

आधीच सांगून टाकतो, मी भूतखेत मानत नाही. आजही नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि वाचून झाले की बायकोला म्हणतो, "या माणसानं आधी गाडीचं वायरिंग तपासायला पाहिजे होतं." आमचं घर बौद्ध. वडिलांनी लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, त्यामुळे अंगात येणं, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा असल्या भानगडींना आमच्या दारात कधी थारा मिळाला नाही. वर मी आयटीआय केलेला मोटार मेकॅनिक. आमगावला वीस वर्षांच्या वर माझं गॅरेज आहे आणि त्याच्या भिंतीवर मी स्वतः लाल रंगानं लिहिलंय — 'गाडीत भूत नसते, ढिला बोल्ट असतो.'

तर असा माणूस इथे का लिहायला बसला? कारण एक ढिला बोल्ट मला सापडला नाही... अजूनही सापडलेला नाही.

गोष्ट २००६-०७ ची. सुकराम मडावी नावाचे एक जीपवाले होते. माझ्या नात्यातले नव्हते, पण आमच्याकडे वडीलधाऱ्याला काकाजी म्हणायची पद्धत आहे, म्हणून ते माझे काकाजी. सालेकसा सोडून जंगलाकडे निघालं की अकरा-बारा किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि भूत बघायला येणाऱ्या हौशी लोकांचा ताप त्यांच्या मागे नको. काकाजींकडे जुनी डिझेल जीप होती, चारही चाकांना जोर देणारी, फोर-बाय-फोर. पावसाळ्यात एसटी अर्ध्या वाटेवरून परत फिरायची, पण ही जीप चिखल तुडवत जायची. मास्तर, बाजाराला निघालेल्या बाया, कोंबड्या, आजारी माणसं, सगळ्यांची तीच एक गाडी. रोज सकाळी साडेसहाला गावातून पहिली फेरी.

त्या जीपचं जुनं दुखणं म्हणजे क्लच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधलं दार. पायानं पेडल दाबलं की दार उघडतं, तेवढ्यात गियर बदलायचा, पाय सोडला की दार बंद. त्या दारात जी गोल प्लेट घासते ती इतरांच्या गाडीत दोन-अडीच वर्षं टिकायची. काकाजींची सहा महिन्यांत संपायची.

आता, जन्मकुंडली मी मानत नाही, पण क्लच प्लेट मानतो. प्लेट हातात घेतली की ड्रायव्हर कसा आहे ते मी सांगू शकतो. तापट माणूस पाय झटक्यानं सोडतो, त्याच्या प्लेटच्या स्प्रिंगा खिळखिळ्या होतात. घाबरट माणूस अर्धवट दाबून ठेवतो, त्याची प्लेट जळून निळी पडते. काकाजींची प्लेट मात्र वेगळीच निघायची. कडेपर्यंत एकसारखी घासलेली, ताटासारखी गुळगुळीत, आणि स्प्रिंग एकही दुखावलेली नाही. तशी प्लेट मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

एवढा हलका पाय, मग प्लेट का जाते? म्हणून एकदा मीच त्यांच्या शेजारी बसून सकाळची फेरी केली. गाव सुटल्यावर अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एक बोडी आहे, म्हणजे शेतीच्या पाण्याचं छोटं तळं. रस्ता बोडीच्या पाळीवर चढतो, पाळ संपली की उतार, उताराच्या तळाशी एक वळण, वळणावर रस्त्यावर झुकलेलं मोहाचं मोठं झाड, आणि पुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. पाळ संपली आणि काकाजींनी काय करावं? गियर काढून न्यूट्रल केला. वर इंजिन बंद करायचा खटका ओढला! जुन्या डिझेल जीपला चावीनं इंजिन बंद होत नसे, डॅशबोर्डखाली एक खटका असायचा, तो ओढावा लागायचा. गाडी बिनआवाजाची उतारावरून घरंगळत खाली, आणि मोहाचं झाड मागे पडलं की सेकंड टाकून, क्लच सोडून, धक्क्यानं इंजिन पुन्हा चालू.

मी कपाळावर हात मारला. "काकाजी, हे काय करून राहिले तुमी? उतारावर न्यूट्रल? ब्रेकनं दगा दिला तर सरळ नाल्यात जाल ना!"

"जात नाही जी. हळूच तर जाऊन राहिलो."

"चार थेंब डिझेल वाचवाचं अन् क्लच जाळाचा. हा कोणता हिशोब?"

ते नुसते हसले. "असू दे मिस्त्री."

त्यानंतर दर खेपेला माझं भाषण आणि त्यांचं हसणं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी २००६ च्या दसऱ्याच्या आसपास ते पुन्हा तोच क्लच घेऊन आले तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला, हे आमगावात कुणालाही विचारा. चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. कंजूस माणसाच्या गाडीले आता मी हात नाही लावणार. ही शेवटची प्लेट."

त्या दिवशी ते हसले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि प्लेट बसेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले.

दिवाळीच्या आधी ते गेले. ताप आला, तीन दिवस, आणि संपलं. मी मातीला गेलो होतो. अंगणात जीप उभी होती, बॉनेटवर एक कोंबडी निवांत बसली होती, आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत होतं. मेल्याशिवाय जात नाही, मेल्याशिवाय जात नाही... जीभ हासडून टाकावी असं वाटलं.

काकींचं नाव पुनाबाई. पदरी एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. जीप चालवायला काकींनी आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. फागू नाव, पस्तिशीचा, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला. ट्रॅक्टरवाल्याचा पाय म्हणजे लोहाराचा घण, क्लचवर पडला की गाडी बेडकासारखी उडी मारते. त्याच्या हाती जीप देण्याआधी मी माझ्या मनानं तिच्यात नवी कोरी प्लेट बसवून दिली. दसऱ्याची जुनी प्लेट अजून घासलेली नव्हती, पण मला काहीतरी करायचं होतं.

जानेवारीत फागू गॅरेजात आला. "मिस्त्री, गियर सुटून राहिला."

"कोणता?"

"तिसरा. आपोआप न्यूट्रल होते अन् इंजिन बंद पडते. पाळीवरून उतरलो की."

"कोणत्या पाळीवरून?"

"आपली बोडी नाही का जी... तेथीच. दुसरीकडे नाही."

मी हसलो. गियर सुटायची कारणं मला पाठ आहेत. गियर जागेवर धरून ठेवणारी एक पोलादी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग दमली की गियर सुटतो. दहा मिनिटांचं काम. नवी स्प्रिंग टाकली, आमगाव-सालेकसा रस्त्यावर पळवून पाहिली, तिसरा गियर खिळ्यासारखा घट्ट. फागू खुशीत गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. पुन्हा तिथेच, बोडीच्या उतारावर. मग मी गियरबॉक्स खोलला, दाते तपासले, गियरबॉक्सच्या खालचे रबर बदलले, डिझेलची लाईन फुंकून काढली. गाडी आमगावात नीट, सालेकशात नीट, देवरीच्या घाटात भर चढउतारावर नीट. बोडीच्या उतारावर मात्र गियर सुटला!

गावात व्हायचं तेच सुरू झालं. "सुकराम गाडी सोडून नाही राहिला." बाया पाळीवर उतरून पायी चालू लागल्या, रपट्याच्या पलीकडे पुन्हा बसायच्या. मास्तरांनी मोटारसायकल घेतली. स्पेअर पार्ट आणायला मी गोंदियाला गेलो तर दुकानदार म्हणतो कसा, "मेश्रामजी, गाडी में खराबी नहीं है. मालिक का जी अटका है." मी त्याला म्हटलं, "तुम पार्ट बेचो, प्रवचन मत दो."

तिसऱ्या खेपेला मी क्लचसुद्धा उतरवला. फागूचे तीन महिने झाले होते, म्हणजे प्लेटच्या स्प्रिंगांचा खुळखुळा झालेला असणार, हे मी न बघताच त्याला ऐकवलं होतं. प्लेट बाहेर काढली, कापडानं पुसली, आणि उजेडात धरली.

कडेपर्यंत एकसारखी घासलेली. ताटासारखी गुळगुळीत. एकही स्प्रिंग दुखावलेली नाही.

"कशी आहे जी?" फागूनं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? ती फागूच्या पायाची प्लेट नव्हती. मी ती परत परत फिरवून पाहिली, मग उलटी करून बाकावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. हात पुष्कळ वेळ धुतले.

मार्चच्या सुरुवातीला काकी स्वतः रेल्वेनं आमगावला आल्या. गॅरेजात खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "मिस्त्री, गोंदियाचा भंगारवाला येऊन गेला. आठ दिवसानं ट्रक घेऊन येतो म्हणते. फागूबी आता नाही म्हणून राहिला, सवारीच बसत नाही तर चालवून काय कराचं? तुमी एक सांगा. सुधरते का नाही?"

"सुधरते," मी म्हणालो.

"घर त्या गाडीवर चालते, थे तर आहेच जी. पण गाडी गेली की त्या सडकेवर त्यायचं काहीच नाही उरत. पोरगी अजून बोनेटवर हात ठेवून शाळेत जाते."

मी म्हणालो, "काकी, आठ दिवसांत गाडी बरोबर करून देतो. नाही झाली तर गॅरेजची पाटी उतरवतो." रागाच्या भरात नाही म्हणालो. मला त्या माणसाला पुन्हा 'बरं' म्हणायला लावायचं नव्हतं... ते जिवंत नसले तरी.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गावात गेलो, काकींच्या घरी राहिलो आणि सकाळची फेरी स्वतः घेतली. शेजारी काकी, मागे फागू. सवारी एकही नाही. मोहाचे दिवस लागले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना कसं सांगू? अंधुक उजेडात सगळं जंगल गोड वासानं जड झालेलं असतं. पानं गळून झाडं उघडी, आणि त्यांच्याखाली पालापाचोळा जाळून साफ केलेल्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा. घरंच्या घरं पहाटेपासून आपापल्या झाडाखाली टोपल्या घेऊन वाकलेली. तान्ही लेकरं फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोक्यात.

गाडी पाळीवर चढली. बोडीवर धुकं होतं, इतकं खाली की कमळाची पानं दिसत होती आणि पाणी दिसत नव्हतं. तिसऱ्या गियरात होतो. लिव्हर मी मुद्दाम घट्ट धरली होती. झिजलेला गियर कसा सुटतो ते मला माहीत आहे. खाड्कन आवाज येतो, लिव्हर तळहाताला मारते. इथे तसं काही झालं नाही. पाळ संपली, आणि माझ्या पायाखाली क्लचचं पेडल आपणहून हळूच खाली गेलं. मग लिव्हर माझ्या मुठीतच मधल्या घरात आली, अगदी सावकाश, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढून घेतात तसं. आणि इंजिन थांबलं. खोकलं नाही, अडखळलं नाही... नुसतं थांबलं.

आता तुम्ही विचाराल, ब्रेक का नाही दाबला? मला सांगता येत नाही. मी दाबला नाही. मला भीती वाटत नव्हती, हेच तर विचित्र. गाडी त्या धुक्यातून अशी उतरत होती की चाकं जमिनीला लागतात की नाही कळू नये. कुठेतरी पाण्यावर बदकं शीळ घालत होती. आणि एक आवाज येत होता, टप... टप... टप... मोहाची फुलं पडत होती. इतकी वर्षं या भागात काढली, पण मोह पडताना मी कधी ऐकला नव्हता. आमच्या धंद्यात कानाशी सदा इंजिन.

झाडाखाली गाडी आपसूक उभी राहिली. चार-पाच बाया फुलं वेचत होत्या. झोक्यात एक लेकरू झोपलेलं, ते हललंसुद्धा नाही. काकी त्या झोक्याकडे पाहत होत्या.

मग मला राग आला. खाली उतरलो, बॉनेट उघडलं, डिझेल बघितलं, तारा बघितल्या. सगळं जागच्या जागी. डॅशबोर्डखाली वाकलो तर इंजिन बंद करायचा खटका पूर्ण बाहेर ओढलेला. मी ओढला नव्हता. काकींचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. फागू मागे.

"काकी," मी म्हणालो, "काकाजी इथं गाडी बंद काऊन करत होते?"

त्यांनी झोक्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमाले वाटे डिझेलसाठी. हो ना?"

मी मान खाली घातली.

"सोनी दीड वर्साची होती," काकी म्हणाल्या. सोनी म्हणजे त्यांची मुलगी. "हे झाड आमचं. मी इथंच मोहा वेचत होती, सोनी झोक्यात. तिची झोप मोडली, उतरली अन् सडकेवर गेली. सडकेवरबी फुलं पडते ना जी, गोड लागते लेकराले. इकडून हे आले गाडी घेऊन. वळणाच्या पलीकडचं दिसत नाही. मी बोंबलली, जीव तोडून बोंबलली... इंजिनच्या आवाजात कोणाले ऐकू येते? चाक अन् पोरगी यात एक वीत राहिली होती."

"मग हॉर्न वाजवत जाचं ना."

"हॉर्न वाजला की मोठा माणूस बाजूले होते. लेकरू नाही होत. लेकरू तेथीच बसून गाडीकडे पाहत राहते." काकींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवसापासून त्यायनं इथं कधी इंजिन चालू नाही ठेवलं. ऐकत ऐकत उतरे. पायातला वाळा वाजला, रडणं आलं, तर कानी पडाले पायजे म्हणे."

"मले सांगितलं काऊन नाही? मी त्यायले इतकं बोललो..."

"कायले सांगते जी? बापाच्या हातून आपलंच लेकरू जाऊन राहिलं होतं, हे माणूस कोणाले सांगते?"

त्या दिवशी मी गॅरेजात परत आलो, शटर अर्धं ओढलं आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. ज्या माणसाला मी चार गिऱ्हाइकांसमोर कंजूस म्हटलं, तो माणूस इतकी वर्षं रोज सकाळी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आपल्या क्लच प्लेटा जाळत होता.

पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्यातला मेकॅनिक अजून हरायला तयार नव्हता. एका भंगारातल्या जीपचा गियरबॉक्स चांगल्या स्थितीत मिळाला. तो आख्खाच्या आख्खा बसवला. क्लच नवा, पेडल नवं, इंजिन बंद करायच्या खटक्याची तारसुद्धा नवी. जुनं काही ठेवलंच नाही, मग जे काही आहे ते राहणार कुठे? असा माझा शहाणपणा.

सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा तीच फेरी. मी, शेजारी काकी, मागे फागू. पाळ चढलो. धुकं थोडं विरळ होतं, उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर आली होती. पाळ संपली. मी लिव्हरवरचा हात सैल सोडला, मुद्दाम. सुटायचं तर सूट.

गियर सुटला नाही. लिव्हर थरथरलीसुद्धा नाही. इंजिन धडधडत, दणकट, तिसऱ्या गियरात गाडी उतरायला लागली. मागून फागू ओरडला, "सुटला नाही जी मिस्त्री! सुटला नाही!"

मी जिंकलो होतो. आणि मला एवढं ओकंबोकं वाटलं म्हणून सांगू! मेलेलं माणूस दुसऱ्यांदा जावं तसं. काकी समोर बघत होत्या, चेहऱ्यावर आनंद नाही, दुःख नाही. मला वाटलं, गेले काकाजी. मीच पाना घेऊन घालवले त्यांना.

तेवढ्यात माझा हात लिव्हरवर गेला. गियर मी काढला. मधल्या घरात आणला आणि डॅशबोर्डखालचा खटका ओढला. मी, ज्यानं आयुष्यभर दहा गावच्या ड्रायव्हरांना उतारावरच्या न्यूट्रलसाठी शिव्या घातल्या, त्यानं. कुणी करवलं नाही, मीच केलं.

सगळं शांत झालं. टप... टप... मोह पडत होता. आणि त्या टपटपीत, समोरून, वळणाच्या पलीकडून, एक बारीकसा छुन्... मग थोडं थांबून पुन्हा, छुन् छुन्.

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो.

वळणावर गाडी थांबली तेव्हा बंपरपासून दोन हातांवर एक लेकरू बसलं होतं. रस्त्याच्या अगदी मधोमध. वर्ष-दीड वर्षाचं, पायात वाळे, हनुवटीवर मोहाचा चिकट रस. त्यानं जीपकडे मान वर करून पाहिलं, जराही न घाबरता, आणि मुठीतलं एक फूल माझ्याकडे धरलं. झाडाखाली त्याची आई आमच्याकडे पाठ करून वेचत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. फांदीला रिकामा झोका हलत होता.

इंजिन चालू असतं, गाडी तिसऱ्या गियरात असती, तर मला काय ऐकू आलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल ते मोजलेलं नाही.

काकी खाली उतरल्या. लेकराला उचललं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि ते कडेवर घेऊन माझ्या बाजूला आल्या.

"ऐकू आलं ना तुमाले?" त्या म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली. त्या लेकराच्या आईला हाक मारायला वळल्या आणि तेव्हा कुठे रडल्या.

जीप भंगारात गेली नाही. ट्रक घेऊन आलेल्या माणसाला काकींनी चहा पाजून परत पाठवलं. सवाऱ्या हळूहळू परतल्या. फागूनं पुढे सहा-सात वर्षं ती गाडी चालवली आणि त्या उतारावर गियर पुन्हा कधी, एकदाही, आपोआप सुटला नाही.

आता स्पष्टीकरण. मी प्रयत्न पुष्कळ केला. उतारावर इंजिनचा भार बदलतो, गियरबॉक्स किंचित सरकतो, झिजलेला गियर सुटू शकतो. मान्य! मग घाटात का नाही सुटला? खटका बाहेर कुणी ओढला? फागूच्या घणासारख्या पायानं प्लेट तशी कशी घासली? ती प्लेट अजून माझ्याकडे आहे, कुणी जाणकार असेल तर येऊन बघावी आणि मला शिकवावं, मी शिकायला तयार आहे. दुसऱ्या फेरीतल्या न्यूट्रलबद्दल मी म्हणतो की तो मीच केला, काकींचं ऐकून मन हळवं झालं होतं, बस्स. लिव्हर ओढल्याचं मला आठवतं. खटका ओढल्याचं आठवतं. फक्त एक गोष्ट आठवत नाही, क्लच दाबल्याची. माझा डावा पाय त्या वेळी कुठे होता, हे मी आजही सांगू शकत नाही.

भूत मी मानत नाही. भिंतीवरचं वाक्य अजून तिथेच आहे, दर दिवाळीला त्यावर नवा रंग देतो.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी रपट्याच्या पलीकडे गाडीची सूत्रं मी फागूच्या हाती दिली. तो सीटवर बसला, आरसा नीट केला आणि चाचरत म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू का? गियर तर आता सुटत नाही. मग उद्यापासून त्या उतारावर कसं कराचं?"

"न्यूट्रल कर," मी म्हणालो. "इंजिन बंद कर. अन् ऐकत उतर."